वाटणीत निघालेली टोपली

मी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसणारी एक जुनी टोपली आहे. बालमित्रांनो, माझ्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. जस्ती तारेची जाळी, बुडाला तीन लोखंडी पट्ट्या आणि वर धरायला कडी. माझा एक कोपरा चेपलेला आहे. तो कसा चेपला, तेवढंच मला सांगायचं आहे.

मला एका सायकल दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने घडवलं. गुडघे दुखू लागले तसं त्याने दुकान बंद केलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. घरात दोन सुना होत्या. थोरली एका छापखान्यातल्या चौदा कामगारांचं दुपारचं जेवण करी आणि सायकलवरून नेऊन पोचवी. त्यासाठी लागणारा सगळा बाजार धाकटी करी. तिच्या मनगटांवर पिशव्यांचे वळ उठलेले म्हाताऱ्याने एकदा पाहिले आणि आठ दिवस जिन्याखाली बसून मला विणलं.

मी काढता-घालता यावी, ही त्याची अट होती. सकाळी मी सायकलवर हवी, दुपारी माझ्या जागी जेवणाचे डबे बसायला हवेत. म्हणून त्याने मला उजवीकडे दोन आकडे दिले, ते कॅरिअरच्या दांडीत अडकवायचे. डावीकडे एक खटका दिला, तो खालून बोट घालून वर दाबायचा. हे त्याने धाकटीला दाखवलं. थोरलीला दाखवायची वेळच आली नाही. ती सायकलपाशी येई तोवर धाकटीने मला उतरवून डबे बांधलेले असत.

सहा वर्षं मी उत्तम काम केलं. किराणावाला मला फळीवर ठेवून घेई आणि परस्पर माझ्यातच सामान रची. खाली तेलाचा डबा, मग बटाटे, मग डाळी, वर टोमॅटो, सगळ्यांत वर अंडी. "तुमच्या सासऱ्यांनी दुकान बंद केलं हे चुकलंच," असं तो म्हणे, आणि धाकटी मला अशी उचले की जणू कौतुक तिचंच झालं.

मग म्हातारा गेला. चाळीस दिवसही झाले नसतील, भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली, "मी राबते म्हणून या घरात चूल पेटते."

धाकटी पाण्याचे पेले घेऊन आली होती. तिथेच उभी राहून ती म्हणाली, "आणि चुलीवर चढवायला सामान काय आकाशातून पडतं?"

पाहुणे पाणी न पिताच उठले. महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या. दोघींच्या नवऱ्यांचा मामा वाटणी करायला आला. भांडी झाली, कपाटं झाली, समोरासमोरच्या दोन-दोन खोल्या झाल्या. सायकलपाशी मामा अडला. "सायकल थोरलीला. तिला डबे पोचवायचे असतात."

"द्या की," धाकटी म्हणाली. "टोपली माझी."

"अगं, सायकलशिवाय टोपली घेऊन करणार काय तू?"

"लोणचं घालीन."

मित्रांनो, माझं निघणं ही माझी मोठी खुबी होती. त्या दिवशी त्या खुबीमुळेच मी वाटणीत निघाले.

त्यानंतर पाच महिने मी धाकटीच्या दारासमोर, गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेली होते. माझ्यात कांदे असत. मला तिथेच का टांगलं, हे सांगायला नको. थोरली रोज सकाळी सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवून यायची आणि मला बघतच जिना चढायची. दोघी एकमेकींशी बोलत नसत. बोलायच्या त्या हवेशी.

"काही लोकांचे कांदे सिंहासनावर बसतात," थोरली कुलूप काढता काढता म्हणे.

"काही लोकांना आता कळलं असेल, पिशव्या किती जड असतात," आतून उत्तर येई.

माझ्या तारांना गंज धरू लागला. कांद्यांच्या साली खटक्यात अडकल्या. कोणी पुसलं नाही.

एके दिवशी छापखान्यात मोठं काम आलं. चौदाऐवजी एकतीस माणसं जेवणार होती, चार दिवस. व्यवस्थापकाने थोरलीला बजावलं होतं, "साडेबाराच्या आत आणि सगळ्यांना पुरेल एवढं. जमलं तर दुसऱ्या पाळीचंही जेवण तुमच्याकडे. नाही जमलं, तर मला दुसरीकडे बघावं लागेल." हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं, कारण थोरलीने ते शेजारणीला गॅलरीत उभं राहून, मोठ्याने सांगितलं होतं.

सकाळी आठला थोरली बाहेर आली. तिने मला खिळ्यावरून काढलं, कांदे वर्तमानपत्रावर नीट ओतले आणि मला घेऊन जिना उतरली. आकडे तिने बरोबर अडकवले. मग तिने मला हलवून पाहिलं. माझी डावी बाजू उचलली गेली.

धाकटी गॅलरीत आली होती. वरून तिला सगळं दिसत होतं. खटका लागलेला नाही हेही दिसत होतं. तिचे ओठ हलले. मी वाट पाहिली.

"चोराला निदान लाज तरी असते," ती म्हणाली.

थोरलीने वर मान केली. "संध्याकाळी आणून टाकते तुझ्या कांद्यांची गादी." आणि ती निघाली.

रिकामी होते तोवर मी तग धरला. किराणावाल्याने जुन्या सवयीने मला रचून भरलं. पाच किलोंचा तेलाचा डबा, आठ किलो बटाटे, डाळ, टोमॅटो, वर साठ अंडी. शाळेपाशी गतिरोधक आहे. तिथे पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, आणि मी उजवीकडे कलंडले. आकडे वाकले. थोरली सायकलसकट माझ्यावर आली. माझा कोपरा तेव्हा चेपला. तेल रस्ताभर पसरलं आणि त्यात साठच्या साठ अंडी.

पावणेदहाला ती घरी पोचली. कोपर सोललेलं, कपडे तेलाने चिकट, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात वाचलेले बटाटे. धाकटी दारात होती. ती आत गेली, आपला तेलाचा डबा आणि डाळीची बरणी घेऊन आली आणि थोरलीच्या उंबऱ्याशी ठेवली.

थोरलीने डबा पायाने मागे सारला.

"ताई, वेळ बघा. हे घ्या आणि चढवा भात. भांडण उद्या करू."

"तुझ्या तेलात मी फोडणी देणार नाही."

सायकलचं हँडल वाकलं होतं, म्हणून ती पुन्हा बाजारात गेली, चालत. छापखान्यात जेवण पोचलं तेव्हा सव्वा वाजून गेला होता. कामगार बाहेर जाऊन काहीबाही खाऊन आले होते. व्यवस्थापक ओरडला नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाला.

संध्याकाळी भरलेले डबे तसेच परत आले. थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने धाकटी तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"खटका लागला नव्हता, ताई. मी वरून पाहिलं होतं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"टोपली हलत होती, तेव्हाच मला कळलं, काहीतरी लावायचं राहिलंय. काय ते तुला माहीत असणार, हेही कळलं." थोरलीने मागे वळून पाहिलं नाही. "पण तुला विचारायचं? त्यापेक्षा पडले, ते बरं."

धाकटी आत गेली. दार लागलं. मग थोरली उठली आणि तिचंही दार लागलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी दोन दारांच्या मधोमध, फरशीवर आहे. थोरली म्हणते, टोपली धाकटीची. धाकटी म्हणते, नेली तिने, आता सांभाळावी तिनेच. रोज सकाळी दोघी आपापल्या दारापुढे झाडतात. दोन्ही झाडू माझ्यापर्यंत येतात आणि मागे फिरतात. माझ्याखाली वीतभर धुळीचा पट्टा साठला आहे.

माझा गंज तासला, आकडे सरळ केले, तर मी अजून वीस किलो सहज नेईन. ते काम दहा मिनिटांचं आहे. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू दोघांच्या मध्ये पडून असेल. ती कोणाची, हे ठरायची वाट पाहू नका. तुम्ही लहान आहात, तुमचा मान अजून एवढा जड झालेला नाही. जा, ती उचला, आणि तिच्याखालची जागा झाडा.