मेल्यानंतरचं हसू

सुकेशनीला भिकार भुताच्या सिनेमांचं वेड होतं. ज्यात हडळीच्या पायात स्लिपर दिसतात आणि रक्त म्हणून गुलाबाचं सरबत सांडतं, असले सिनेमे. ऑफिसातल्या पोरी तिला हसायच्या. हसोत बापड्या! मोठ्या सिनेमातलं मढं मढ्यासारखंच पडून राहतं. या गरिबांच्या सिनेमात मेलेल्याची छाती हळूच वरखाली होते. सुकेशनी नेमकं तेच शोधत बसायची. मेलेलं माणूस श्वास घेताना सापडलं की तिला फार बरं वाटायचं.

त्यालाही कारण होतं. तिची आई राजाबाई गेली तेव्हा ती जेमतेम आठ महिन्यांची. आईचा फोटो एकच, मतदार कार्डावरचा, आणि त्यातही डोळे मिटलेले. मावशीनं तिला शहरात आणून वाढवलं. तीच मावशी गेल्या दिवाळीत करंज्या तळता तळता बोलून गेली, "तुझी माय शिनेमात होती की. फर्दापूरच्या त्रिंबकनं काढला व्हता."

त्या दिवसापासून सुकेशनीला एकच ध्यास लागला: आईला एकदा हलताना बघायचं.

त्रिंबक सापडला मुकुंदवाडीत, दोन खोल्यांच्या घरात. कधीकाळी लग्नांचं शूटिंग करणारा हा माणूस आता साठी उलटून घुम्यासारखा बसलेला असायचा. अठ्ठ्याण्णव साली त्यानं लग्नाच्याच कॅमेऱ्यावर गावातली माणसं धरून 'बारवेतली हडळ' काढला. राजाबाई गेली आणि गावानं तो दाखवूच दिला नाही.

मे महिन्यातली दुपार होती. त्रिंबकनं खिडकीला चादर लावली आणि टीव्हीला जोडलेल्या जुन्या व्हीसीआरमध्ये टेप घातली.

पडद्यावर मुंग्या नाचल्या, मग दगडी पायऱ्या दिसल्या. कमरेवर घागर घेतलेली एक बारीकशी बाई बारवेत उतरत होती. पाठीमागून घोंगडी पांघरलेला कुणी आला, विळा चमकला, बाई पडली. पुढच्याच क्षणी भलताच देखावा सुरू झाला. त्रिंबकनं टेप थांबवली.

"बस. येवढंच काम व्हतं तिचं."

"काका, पण शूटिंगमध्ये नंतर उठली असेल ना ती? ते कुठंय?"

त्रिंबकनं टेप बाहेर काढली. मग म्हणाला, "आमच्या कॅमेरावाल्यांत एक रीत हाय, पोरी. मेल्याचं काम ज्यानं केलं, त्यानं लगेच उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं. ते हसू टिपलं की यमाला कळतं, हे खोटं व्हतं. तुझ्या मायचं हसू ऱ्हायलं. माझी बॅटरी संपली. पंधराव्या दिवशी शेतात तिला पान लागलं. साप कुणी बघितला बी नाय. गाव अजून मलाच धरतं."

सुकेशनीचा यमावर काडीचा विश्वास नव्हता. "न कापलेली कच्ची टेप असेल की."

"नाय," तो म्हणाला खरा, पण चोराच्या मनात चांदणं; नजर कपाटावरच्या डब्याकडं गेलीच. तिनं डबा उतरवला, तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं. "नको. पस्तावशील."

तिनं हात सोडवला आणि टेप लावली.

तीच बारव, तीच बाई, मान कलती करून पडलेली. सुकेशनी सवयीनं छातीकडं बघू लागली. छाती हलत नव्हती. एक मिनिट गेलं असेल. एक माशी आईच्या ओठावर बसली, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. ओठ हलला नाही.

"वहिनी, झालं. उठा," कॅमेऱ्यामागून तरुण त्रिंबकचा आवाज आला. "आता हसा कॅमेऱ्यात बघून. अवो वहिनी, उठा की!" आवाज घाबरला होता.

तेवढ्यात पडद्याबाहेर कुठंतरी तान्हं मूल रडलं.

खटकन डोळे उघडले. मान वळली, कॅमेऱ्याकडं नाही, रडण्याकडं.

"वहिनी, आधी हसा! मग जावा!"

ती उठली. गळ्यावरून रक्ताचा ओघळ तसाच, आणि ती चौकटीबाहेर चालत गेली. "आले गं माझी बाय, आले." पायऱ्या रिकाम्या राहिल्या. कॅमेरा त्या रिकाम्या पायऱ्या टिपतच होता, कितीतरी वेळ.

सुकेशनी त्रिंबककडं वळली. "बॅटरी तर चालू होती, काका."

"व्हय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "बॅटरीचं नाव घेतलं की बोल माझ्यावर येतो. खरं सांगितलं असतं तर तुझ्या रडण्यापायी हसू ऱ्हायलं म्हणून गावानं तुला धरलं असतं. आठ महिन्यांची व्हतीस तू."

तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आवाजासकट. तिनं टेप मागं नेली. पुन्हा पाहिली. पुन्हा नेली. त्रिंबकनं एकदा बटणाकडं हात नेला आणि परत घेतला.

तिसऱ्या वेळी रडणं सुरू व्हायच्या जरा आधीच ती टीव्हीजवळ सरकली आणि काचेला तोंड लावून म्हणाली, "गप गं. जराशी गप. आधी तिला हसू दे."