कपाटाखालच्या फळ्या

खिडकीजवळ जमिनीला पडलेल्या भोकावर काकासाहेबांनी प्लायवूडचा तुकडा ठोकून घेतला होता. आई हॉस्पिटलमध्ये असतानाच, भेटायला येणाऱ्यांपैकी कुणाचा पाय जाऊ नये म्हणून. खिळे वाकलेले, एक तर अर्धा वरच राहिलेला. त्यात माझी साडी अडकून फाटली. घरात मृत्यू झाला की माणूस कसा कोसळतो याबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. मी कोसळले नाही. मला त्या खिळ्याचा राग यायचा आणि तो सकाळपासून रात्रीपर्यंत टिकायचा.

नाशिकला परत जाण्याआधी ते भोक नीट बुजवायचं, एवढं एकच काम मी स्वतःकडे घेतलं. दांडिया बाजारातलं आमचं घर दुमजली. खाली काकासाहेब आणि काकी, वर आम्ही. म्हणजे बाबा गेल्यापासून एकटी आई. वरची जमीन सागाच्या फळ्यांची, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवलेली. तीच खालच्यांचं छत.

जशुभाई मिस्त्रींनी प्लायवूड उपटून काढलं आणि आजूबाजूच्या फळ्यांवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. खिडकीतून पावसाचं पाणी येऊन तिथलं लाकूड आतून भुसा झालं होतं. वरून पॉलिश चकचकीत. आईच्या वॉकरचा पाय त्यातून आरपार गेला आणि ती वॉकरवरून आडवी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया.

जशुभाईंनी आणलेल्या नव्या फळ्या सागाच्याच होत्या, पण जुन्यांशेजारी ठेवल्यावर पिवळ्याधमक दिसल्या.

"बेन, थीगडुं देखाशे," ते गुजरातीत म्हणाले. "पॉलिश करीश तोय देखाशे." म्हणजे पॉलिश केलं तरी ठिगळ दिसणारच. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मधोमध उभ्या असलेल्या लाकडी कपाटापाशी ती थांबली. "आ कबाट अहीं वच्चे केम?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कपाटाखालच्या फळ्या जुन्या, त्याच रंगाच्या, शिवाय कोरड्या. त्या काढून खिडकीशी बसवायच्या आणि नव्या कपाटाखाली घालायच्या. तिथे कोण बघतंय?

"त्याच्या बरोबर खाली देवघर आहे," मी म्हणाले.

"तो पूछी आवो ने. भगवान बे कलाक बाजुमां बेसे."

देवघर पूर्वी तिथे नव्हतं. तीनेक वर्षांपूर्वी कुणा वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून काकासाहेबांनी ते मागच्या खोलीत हलवलं, आणि ते नेमकं आईचा पलंग आणि बाथरूम यांच्या मधल्या वाटेखाली आलं. काकी वर येऊन म्हणाल्या, "संयोगिता, देवांच्या डोक्यावर पाय पडायला नको गं." आईने त्याच संध्याकाळी हमाल बोलावून कपाट तिथे आणवलं. चुकूनही कुणाचा पाय पडायला नको. तेव्हापासून ती पलंगावरून उठली की कपाटाला वळसा घालून, खिडकीकडून बाथरूमला जायची. मी फोनवर काकासाहेबांशी भांडले, तर आईच मला गप्प करत म्हणाली, "असू दे. घरबसल्या प्रदक्षिणा होते माझी. तुझ्यासारख्या नास्तिकांच्या वाटचीही घालते."

आमचा जिना बाहेरून आहे. आई खाली उतरेनाशी झाल्यापासून मीही वरच्या वर यायचे आणि जायचे. आईचे दिवसही वरच झाले. त्यामुळे त्या दुपारी काकासाहेबांच्या दारात चप्पल काढली, तेव्हा कितीतरी दिवसांनी मी आत पाऊल टाकत होते. वाक्य तयार होतं. देव एकदा तुमच्या वास्तूसाठी हलले, आता दोन तास आईच्या जमिनीसाठी हलतील.

पण ते म्हणायची वेळच आली नाही. समोर, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी पांढऱ्या संगमरवराचं देवघर होतं. त्यात आमचे टाक ओळीने मांडलेले. खंडोबाचा, भवानीचा, लहानपणी ज्याचा चेहरा झिजलेला पाहून मी हसले होते तो मूळपुरुषाचा. पुढे निरांजन तेवत होतं. वर डोकं करून पाहिलं. त्याच्यावर कौलं होती, आमची खोली नाही.

काकी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "ये गं मालू. चहा टाकू?"

"हे देवघर इथे कधी आलं, काकी?"

"हे होय? गेल्या दसऱ्याला. आमच्या विक्रमसिंहाने आणलं ना, खास मकराण्याचं. मागे फार अंधार गं. यांची कंबर धरायची बसून बसून."

"मग मागच्या खोलीत काय आहे?"

"वॉशिंग मशीन ठेवलंय. नळ तिथेच आहे ना."

आई श्रावणात पडली. गेल्या दसऱ्यापासून या श्रावणापर्यंत ती वॉशिंग मशीनला प्रदक्षिणा घालत होती.

"आईला सांगितलं नाहीत?"

"सांगितलंच असेल की कुणीतरी." काकींनी पदर नीट केला. "प्रसाद पाठवला होता वर. तिला कळलंच असेल."

"पेढ्यावरून?"

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. काकासाहेब पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी घालून मांडीवर ठेवला. "काय चाललंय?"

काकींनी सांगितलं. मी काही भर घातली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ मालविका. धाकटी, तुझी आई, मोठ्या श्रद्धेची बाई. देव तिथे असोत-नसोत, तिचा भाव तर खरा होता ना? त्याचं पुण्य तिला मिळालंच असणार."

"तिला खुब्याचं हाड मोडून मिळालं, काकासाहेब."

"आवाज खाली."

"मी आवाज चढवलेला नाही."

नव्हताच चढवला. माझा आवाज मलाही अनोळखी वाटावा इतका सपाट होता.

"लाकूड कुजलं होतं," ते म्हणाले. "माणूस पडतो. नशीब असतं एकेकाचं. यात कुणी कुणाला काय केलं?"

"फळी पावसाने कुजली, ते खरं. पण त्या वाटेने तिला तुम्ही पाठवलंत. आणि वाट मोकळी झाल्यावर बोलावलं नाहीत. एवढंच केलंत."

"जिना चढवत नाही आम्हाला या वयात."

"बाई रोज वर पोळ्या करायला यायची. तिच्या तोंडी निरोप दिला असता तरी चाललं असतं."

त्यांनी झोपाळ्याला पायाने एक रेटा दिला, मग तो थांबवला. "आता हे चार लोकांत बोलू नकोस. घराण्याची शोभा होते. आपली माणसं गेली की रागाला कुठेतरी जागा लागते, मी समजू शकतो."

त्यांनी माझा राग समजून घ्यावा, हेच मला सगळ्यांत असह्य झालं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"मला विचारलं, तर मी सांगणार," मी म्हणाले. "जसं झालं तसं. आणि मशीनवर चादर टाका. आज वरच्या फळ्या निघणार आहेत."

वर येऊन मी जशुभाईंना कपाट ढकलायला लावलं. मीही खांदा लावला. त्यातल्या आईच्या साड्याही मी काढल्या नव्हत्या, तसंच जड ते सरकलं आणि भिंतीला जाऊन भिडलं. खालचा चौकोन बाकी जमिनीपेक्षा गडद आणि गुळगुळीत होता. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंतची सरळ वाट तीन वर्षांत पहिल्यांदाच मोकळी दिसली. किती थोडी होती ती.

"नवा पाटिया अहीं नाखुं, पछी कबाट पाछुं?" जशुभाईंनी विचारलं.

"पाछुं नहीं." कपाट आता परत तिथे जाणार नव्हतं.

त्यांनी पटाशी घातली. पहिली फळी कुरकुरत उठली, जुना भुसा आणि धूळ खाली सांडली. फटीतून खालच्या खोलीतला उजेड आला. मी वाकून पाहिलं. पांढरं मशीन, त्याच्या झाकणावर साबणाचा डबा, आणि शेजारी हातात जुनी चादर घेऊन उभ्या काकी. त्यांनी वर पाहिलं. केसांवर धूळ पडली होती. एवढ्या जवळून आम्ही एकमेकींकडे कधी पाहिलं नसेल.

"मालू," त्या हळूच म्हणाल्या, बाहेर ऐकू जाऊ नये अशा बेताने, "राहून गेलं गं सांगायचं. खरंच राहून गेलं."

"हो," मी म्हणाले. "बाजूला व्हा, काकी. पुढची मोठी आहे."

आणि जशुभाईंना पुढची फळी काढायला सांगितली.