दोन नवे टायर

माझ्याकडे गाडी नाही आणि मला ती चालवताही येत नाही. तरीही २००३ च्या जुलैत गोटीराम मला टायर घ्यायला सोबत घेऊन गेला. ओझरच्या विमान कारखान्यातल्या तांत्रिक ग्रंथालयात मी एकतीस वर्षे नोकरी केली, एवढेच त्याला पुरेसे होते.

"विमानाच्या चाकांची पुस्तकं सांभाळली तुम्ही. मारुतीचं चाक काय अवघड हाय तुम्हाला?" तो म्हणाला.

मी फक्त पुस्तके सांभाळली, असे मी त्याला दोनदा सांगितले. तो हसला.

गोटीरामचा मळा मखमलाबाद रस्त्याला, आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून. गुलाब, झेंडू, शेवंती. संध्याकाळी मी कुंपणापाशी उभा राहायचो आणि तो पाणी देता देता बोलायचा. त्याचा मुलगा भारत पहाटे टेंपोने फुले बाजारात पोचवी. सून मनीषा हरसूलच्या शाळेत शिक्षिका होती. आठवडाभर ती तिथे एका खोलीत राही. सोमवारी सकाळी भारत तिला घरच्या सेकंडहँड मारुतीने सोडायला जाई आणि शनिवारी दुपारी आणायला.

मनीषा माझ्याकडून मुलांसाठी पुस्तके नेई. एकदा मी तिला ग्रहताऱ्यांवरचे एक जाडजूड पुस्तक दिले. पुढच्या शनिवारी तिने ते परत आणले.

"नाना, दुसऱ्या पानावर अख्खा वर्ग झोपला. वाघबिघ असलेलं काही नाही का तुमच्याकडे?"

मी तिला वाघाचे पुस्तक शोधून दिले. माझी थट्टा करणारे माणूस त्या काळात तेवढे एकच होते.

गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. पावसाळा लागला होता आणि हरसूलच्या वाटेवर घाट आहे. म्हणून गोटीरामने मला विचारले, "जुने चार घ्यावे का हलक्यातले नवे दोन? सारखाच खर्च. तुम्ही काय म्हणता?"

मी तीन दिवस मागून घेतले. निवृत्तीच्या वेळी ग्रंथालयातून बाद झालेली काही पुस्तके मी घरी आणली होती. त्यांत मोटारीच्या देखभालीवरचे एक होते. टायरांचे प्रकरण मी तीन वेळा वाचले. त्यात दोन गोष्टी होत्या. जुना टायर आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि दोनच चांगले टायर असतील तर ते मागच्या चाकांना लावावेत, कारण ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि मग ती कोणाच्याच हातात राहत नाही. दुसरी गोष्ट मला उलटी वाटली. छपाईची चूक असेल म्हणून मी शुद्धिपत्रही पाहिले. त्यात तसे काही नव्हते.

शनिवारी संध्याकाळी गोटीराम, भारत आणि मी द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. फूटपाथवर जुन्या टायरांच्या उतरंडी लावलेल्या होत्या. आत एक माणूस तापलेल्या पात्याने झिजलेल्या टायरात नव्या खाचा कोरत बसला होता. जळक्या रबराचा वास येत होता. कोरून झालेला टायर काळ्या रंगाने पुसला की नवा दिसे.

"चार जुने टाका, शेठ," दुकानदार म्हणाला. "दोन वर्षं बघायला नको. नवे घेऊन काय गाडीचं लग्न लावायचंय?"

गोटीरामने माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "हा आतून बघता येईल?"

दुकानदाराने नाखुशीने टायर फाकवला. आत तळहाताएवढे ठिगळ होते.

"बघितलं?" गोटीराम भारतला म्हणाला. "म्हनून नानांना आणलं. पुस्तक ते पुस्तक."

मला फार बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटले होते. निर्णय झाला तो असा: हलक्यातले दोन नवे घ्यायचे आणि उरलेल्या दोन चाकांना जुन्यातले, ठिगळ नसलेले. कोरलेले असले तरी चालतील.

भारतने गाडी आत घेतली. कारागिराने नवे टायर उचलले आणि सरळ पुढच्या चाकांपाशी नेऊन ठेवले.

"मागे," मी म्हणालो.

"काय मागे?" दुकानदाराने विचारले.

"म्हणजे, नवे मागे लावतात असं..."

"काका, गाडी वळते कुठून? पुढून. ब्रेक कुठे लागतो? पुढे. एवढी वर्षं मी काय भजी तळली का?" कारागीर हसला. "तुम्ही कोणती गाडी चालवता?"

"मी चालवत नाही."

"मग झालं तर."

गोटीरामही हसला, पण मला सांभाळून घेत. "नाना, आम्ही पाटीत चांगली फुलं वर लावतो का नाय? खाली दबलेली, वर टपोरी. चांगलं ते पुढंच असतं."

भारत मात्र हसला नव्हता. तो माझ्याजवळ आला. "नाना, काय म्हणत होता तुम्ही?"

त्याला खरेच ऐकायचे होते. पण आत्ताच मिळालेली शाबासकी, ती हसणारी माणसे, आणि मी, ज्याने स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. पुस्तक परदेशातले, तिथले रस्ते वेगळे असतील, असेही मनात आले.

"काही नाही," मी म्हणालो.

रविवारी सकाळी गोटीरामच्या बायकोने, मालनबाईंनी, टायरांची पूजा केली. हळदकुंकवाची बोटे फक्त पुढच्या दोन टायरांना लावली, कारण नवे तेच होते. मला कुंपणावरून पेढा दिला. गाडी दिवसभर मळ्यात उभी होती आणि भारत घरीच होता. मी दोनदा कुंपणापर्यंत गेलो. एकदा तो जेवत होता. दुसऱ्यांदा तो मोकळा होता, गाडी पुसत होता, आणि मी त्याला विचारले की उद्या किती वाजता निघणार.

"साडेसहाला," तो म्हणाला.

सोमवारी बारीक पाऊस होता. त्र्यंबकच्या पुढे, आंबोलीच्या घाटातल्या एका उतरत्या वळणावर गाडी फिरली. समोरून कोणी येत नव्हते. वेगही फार नव्हता. गाडीचे तोंड गरकन उलट दिशेला झाले आणि ती डाव्या बाजूने झाडावर आदळली. मनीषा डाव्या बाजूला बसली होती. तिच्या मांडीवर मुलांच्या वह्या होत्या. भारतचे मनगट मोडले, बाकी त्याला काही झाले नाही.

दहाव्याच्या दिवशी गोटीराम माझ्याजवळ बसला होता. "तुमचं ऐकून नवे घेतले, ते बरं झालं," तो म्हणाला. "मनाला तेवढं तरी हाय, की आपण कसर नाय केली."

मी मान हलवली.

पोलिसांच्या कागदावर हयगयीने वाहन चालवल्याचे लिहिले गेले. तेराव्यानंतर भेटायला गेलेल्या भारतला मनीषाच्या वडिलांनी दारातून आत येऊ दिले नाही. भारतने स्वतःवरचा आरोप कधी नाकारला नाही. "मीच काहीतरी चुकीचं केलं, नाना," तो कुंपणापाशी म्हणे. "ब्रेक उशिरा दाबला असेल. का लवकर दाबला? मला आठवतच नाही." रोज हेच. दुरुस्त होऊन आलेल्या मारुतीत तो बसत नव्हता, टेंपोतही नाही. फुले बाजारात न्यायला गोटीरामने भाड्याचा माणूस ठेवला.

गणपती गेले, दसरा गेला. भारत वाळत चालला होता. तो ज्याचा शोध घेत होता ते माझ्या घरात, कपाटाच्या तिसऱ्या फळीवर होते. सांगितले तर त्याची सुटका होईल, असे मला वाटू लागले. माझे काय व्हायचे ते होवो. इतका विचार करायला मला तीन महिने लागले.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी कुंपणाच्या फाटकातून मळ्यात गेलो. भारत विहिरीजवळ गुलाबाच्या दांड्यांचे काटे काढत बसला होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. पुस्तक, मागची चाके, ओले वळण, गाडी का फिरते ते.

"तुझी चूक नव्हती," मी म्हणालो.

त्याने आणखी एका दांडीचे काटे काढले.

"पुस्तकात होतं हे?"

"होतं."

"म्हणजे दुकानात मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. खात्री नव्हती."

"रविवारी तुम्ही आला होता. किती वाजता निघणार विचारायला."

"हो."

त्याने हातातली दांडी खाली ठेवली. मोडलेले मनगट त्याने दुसऱ्या हाताने धरले होते.

"जॅक लावायचा. पुढची मागे, मागची पुढे. अर्ध्या तासाचं काम होतं, नाना. मी गाडीच पुसत होतो."

त्याने मनगट सोडले.

"आता मला हेच दिसणार," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "इतके दिवस मी घाटातलं वळण बघत होतो. ते दोन सेकंद. आता अख्खा रविवार बघत बसायचा."

"भारत, मला वाटलं तुला..."

"दादांना सांगू नका," तो वडिलांबद्दल म्हणाला. "ते तुम्हाला फार मानतात."

तेवढ्यात गोटीराम घराच्या ओट्यावर आला. आम्हाला एकत्र पाहून त्याला बरे वाटले असावे. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोकळा होता.

"नाना, आलाच हाय तर बसा. च्या टाकायला सांगतो."

"नाना निघालेत, दादा," भारत म्हणाला आणि त्याने पुढची दांडी उचलली.

मी निघालो नव्हतो. मग निघालो.