लाल दिसलं तर

बाबांच्या टाचेवर हात ठेवला आणि दचकून दुसरीही चाचपली. उजवी टाच गार होती, डावी चांगलीच गरम, आणि कातडी आतून टणक झालेली. बाबांनी पाय आखडून घेतला.

खुब्याचं हाड मोडल्यापासून ते या शुश्रूषागृहात पडून होते. एकाच कुशीवर फार वेळ राहिलं की आधी कातडी बिघडते, मग जखम हाडापर्यंत जाते. माझी आत्या त्यातच गेली. म्हणून मी दर रविवारी आल्या आल्या त्यांच्या पाठीवरून, टाचांवरून हात फिरवायचे.

मी तडक मेट्रनबाईंना बोलावून आणलं. बाई तशा प्रेमळ, बाबांची दाढीसुद्धा स्वतः करायच्या. त्यांनी चष्मा लावून टाच नीट पाहिली.

"लाल कुठेय? आम्ही रोज तपासतो. लाल दिसलं की लगेच खाली उशी लावतो."

"मॅडम, बाबांच्या काळ्या कातडीवर लाल दिसणार कसं?"

बाईंचा चेहरा उतरला. "हे बघा, आम्ही इथे कुणाचा रंग बघत नाही. आम्हाला सगळे पेशंट सारखे."

हे वाक्य मी शाळेत ऐकलंय, भाड्याने घर शोधताना ऐकलंय, नोकरीत तर उठता-बसता ऐकते. म्हणणारा स्वतःवर खूश होतो आणि ऐकणाऱ्याने गप्प बसायचं असतं. माझं डोकंच फिरलं.

"सारखे ना? मग या आजोबांच्या टाचेखाली उशी आहे, माझ्या बाबांच्या का नाही?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा गोरेपान. त्यांच्या टाचेवरचा लाल डाग दारातूनही दिसत होता. त्यांनी ओशाळून पांघरूण ओढून घेतलं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष!

"तुम्ही माझ्यावर काय आरोप करताय, कळतंय का तुम्हाला?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्यांची समजूत काढायचं कामही माझ्याच गळ्यात पडणार, अशी चिन्हं होती.

"लवंगे, पुरे," बाबा म्हणाले. मी लहानपणापासून तिखट, म्हणून हे नाव.

बाबांनी जन्मभर लोकांच्या बिल्डिंगमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. दारात कुणी हटकू नये म्हणून त्या तेलकट कामालाही इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. तरी हटकलंच, तर हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा आणि त्यांची कीवही यायची. आताही ते 'काही नाही हो' म्हणून टाच झाकतील आणि पाय गमावून बसतील, या भीतीने मी रडकुंडीला आले.

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. "बाई, जरा हात लावून बघता?"

बाईंनी आधी उजव्या टाचेला हात लावला, मग डाव्या. तिथून तो लवकर निघाला नाही.

"अहो, ही तर तापलीय. कधीपासून दुखतंय?"

"झाले चार-पाच दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, इथे सगळे सारखे. दुखतंय म्हटलं असतं तर मीच एकटा वेगळा ठरलो असतो."