झुल्माची सुरी आणि मी दुसरा कोंबडा

मी बोलतोय, पण जरा हळू बोलतो. स्वयंपाकघराचं दार उघडं आहे. मी ओदिलच्या परसातला दुसरा कोंबडा. पहिला नेस्टॉर. माझं नाव विचारू नका, ते ठेवलेलंच नाही.

माझं लहानपण बाजारात गेलं, कामिल नावाच्या कोंबडीवाल्याच्या पिंजऱ्यात. शाळा म्हणाल तर तीच. आधी भाव विचारणारं गिऱ्हाईक काही घेत नाही, हे मी तिथेच शिकलो. एकदा एका बाईने कितीतरी वेळ माझी छाती दाबून बघितली आणि शेवटी ससा घेऊन गेली. मला हसू आलं होतं. छाती का दाबतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

ओदिल म्हणजे म्हातारा बेकरीवाला, भट्टी आता मुलाकडे दिलेली. त्याने माझी छाती बघितली नाही. विचारलं, "गळा कसा आहे याचा?"

"गळा? अहो, याच्या आरवण्यामुळे बायको माहेरी गेली माझी!" कामिल म्हणाला.

खरं सांगू? मी तोवर एकदाही आरवलो नव्हतो. आणि कामिलचं लग्नही झालेलं नव्हतं.

आमच्या फ्लँडर्समधल्या या गावात उन्हाळ्यात रविवारी सकाळी आरवण्याची स्पर्धा असते. रस्त्याकडेला कोंबड्यांच्या पेट्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकाने दुसऱ्याच्या कोंबड्यासमोर खडू घेऊन बसायचं आणि तो आरवला की फळीवर रेघ ओढायची. ज्याच्या रेघा जास्त, तो जिंकला. नेस्टॉर दरवर्षी जिंकायचा. मग आजूबाजूला शहरातली माणसं राहायला आली, त्यांच्या झोपेपायी शेजारचे कोंबडे एकेक करून गेले. उत्तर द्यायला कोणी उरलं नाही, तसा नेस्टॉर मुका होत गेला. त्याला डिवचायला मला आणलं.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण ओदिलची बायको झुल्मा हळू बोलतच नाही.

"आणि स्पर्धा झाल्यावर याचं काय?"

"मग तुझा. काळ्या बिअरमध्ये, आलुबुखार घालून."

"मग नाव ठेवू नकोस. मागच्या सशाला नाव ठेवलंस आणि ताटावर रडत बसलास. अख्खा मला एकटीला संपवावा लागला!"

नवा कोंबडा आणला की आधी जाळीआड ठेवून दोघांची ओळख होऊ द्यायची असते. ओदिलला एवढा धीर कुठला! त्याने मला थेट आवारात सोडलं. नेस्टॉर आला तो एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका. मी बादलीमागे शिरलो. तिथेही तो आला. माझा तुरा फाटला, रक्त डोळ्यांत ओघळलं. कोंबड्या दाणे टिपत राहिल्या, एकीनेही मान वर केली नाही. शेवटी ओदिलने मला उचलून जाळीपलीकडे ठेवलं.

त्या दिवसापासून माझी वाचाच बसली. मी गप्प, म्हणून नेस्टॉरही गप्प. जिंकलेल्याने ओरडायचं कशाला?

शेजारचा फिर्मिन, ओदिलचा स्पर्धेतला जुना वैरी (त्याचा कोंबडा आता गावाबाहेर शेतावर असतो), रोज कुंपणावरून डोकवायचा.

"काय रे ओदिल, कोंबडा आणलास की कोबी?"

"नवा आहे. बुजलाय."

"बुजू दे, बुजू दे. बिअरमध्ये बोलेल."

स्पर्धेच्या आदल्या सकाळी झुल्मा म्हणाली, "उद्यापर्यंत तरी कशाला थांबायचं? फुकटचं खातोय." ती दाराच्या दगडी पायरीवर बसली आणि सुरी घासायला लागली. ख्रस्स. ख्रस्स. मग उठली, जाळीत हात घालून माझे पाय धरले, मला उलटं केलं आणि छाती दाबून बघितली.

बाजारातली ती बाई मला तेव्हा कळली.

मी किंचाळायला गेलो आणि गळ्यातून निघालं ते आरवणं. फाटकं, पण आरवणंच. पलीकडून लगेच नेस्टॉर गरजला. मी पुन्हा. तो पुन्हा.

ओदिल अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बाहेर धावला. "झुल्मा, सोड त्याला! परत कर!"

"अरे, काय परत करू?"

"सुरी घास गं, सुरी!"

दिवसभर ती सुरी घासत होती आणि आम्ही दोघे आरवत होतो. दुसऱ्या दिवशी नेस्टॉरसमोर खडू घेऊन बसायची पाळी नेमकी फिर्मिनवर आली. तो म्हणे दर रेघेला एक शिवी देत होता. नेस्टॉर जिंकला. त्या संध्याकाळी पातेल्यात शिजली ती बक्षिसातली डुकराची मांडी.

तेव्हापासून मी जिवंत आहे, कामावर आहे. रोज सकाळी झुल्मा पायरीवर बसते, सुरी घासते, मी आरवतो, नेस्टॉर उत्तर देतो. झुल्मा हसते. तिला वाटतं, एव्हाना मला ही गंमत कळली असेल. पण मी बाजारात वाढलोय. ज्या सुरीला रोज धार लागते, ती कुणी शोभेला ठेवत नाही.

आणि नेस्टॉर म्हातारा होतोय. वरच्या दांडीवर त्याला आता चढवत नाही. परवा मी आरवलो आणि पलीकडून काहीच आलं नाही. सुरी थांबली. ओदिल दारात थांबला. झुल्माने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांकडे नव्हे, छातीकडे. मग उशिराने, खोकल्यासारखं, नेस्टॉरचं उत्तर आलं.

तुम्ही या रस्त्याने गेलात, तर कुंपणाशी थांबून त्याला मूठभर मका टाका. मला नको, त्याला टाका. माझा तुरा त्याने फाडला. देवा, त्याला उदंड आयुष्य दे.

थांबा. पायरीवर कोणी तरी बसलं. आता मला आरवायला हवं.