घरगाडीच्या तोंडात दही-साखर

विश्वेश्वररावांची घरगाडी बेंगळूरच्या बसवनगुडीतून निघाली त्या सकाळी टेकडीवरच्या थोरल्या बसवण्णानंसुद्धा मान वळवून बघितलं. दगडाचा नंदी तो, शतकानुशतकं एका जागी बसलेला. पण असलं काही त्यानंही पाहिलं नव्हतं. मान परत फिरवताना ती पुरती सरळ झाली नाही, असं तिथली जुनी मराठी माणसं अजून सांगतात. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघून यावं.

गाडी होतीच तशी. मुळात ती लष्कराची लॉरी, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली. विश्वेश्वररावांनी जन्मभर सर्व्हे खात्यात दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी या लॉरीच्या पाठीवर स्वतःच्या घराचा नकाशा काढला आणि सुतार लावून तो उभा केला. सागवानी भिंती, खिडक्यांना गज, आत देव्हारा, चूल, चुलीला धुराडं, आणि वर चक्क मंगळुरी कौलं. क्लीनर बसतो त्या जागी तुळशीची कुंडी. मागच्या दाराला पायरी, पायरीवर रांगोळीपुरती जागा. गाडी वळली की कौलं अशी खडखडत की गल्लीतले म्हातारे झोपेतच माकडांना हाकलायला लागत.

म्हाताऱ्याला खूळ लागलंय, असं सगळी बसवनगुडी म्हणे. गोदूबाई मात्र तसं म्हणत नसत. नवऱ्याची बरीच खुळं त्यांनी संसारात पाहिली होती, पण हे खूळ त्यांच्याच पोटातल्या काळजीतून निघालं होतं. काळजीचं नाव अहल्या. एकुलती लेक, खानापूरला दिलेली, आणि आता पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच. पण विहीणबाईंनी निरोप धाडला होता की, मुलीला न्यायचं तर आईबापांनी जोडीनं यावं, चार दिवस राहावं, रीतसर ओटी भरून घेऊन जावं. टपालाची थैली उचलल्यासारखं उचलून नेऊ नये.

राहावं, पण कुठं? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापांनी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही गोदूबाईंच्या घरची रीत. पहिल्या दिवाळसणाचं आमंत्रण द्यायला दोघं खानापूरला गेले होते, तेव्हा स्टेशनावर कोरडे चुरमुरे खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परतले होते. लेकीशी धड चार शब्द बोलणं झालं नव्हतं. म्हणून विश्वेश्वररावांनी तोड काढली ती ही. आपलं घरच घेऊन जायचं, तिच्या दारात लावायचं, आपल्या चुलीवर शिजवायचं, आपलं पाणी प्यायचं. रीतही राहील आणि लेकही भेटेल.

सगळं अमावास्येच्या आत व्हायला हवं होतं. अमावास्या उलटली की अहल्येला आठवा लागणार, आणि आठव्यात गर्भारशीनं वेस ओलांडायची नाही. तिकडून आलेल्या कासाराच्या तोंडी अहल्येनं सांगून पाठवलं होतं, "आईला म्हणावं, तू नसलीस तर मला भीती वाटते." कासारानं ते बांगड्या भरता भरता सहज सांगितलं. गोदूबाईंच्या हातातली बांगडी तिथंच पिचली.

तर निघायची वेळ झाली. गल्ली लोटली. शेजारचे शेषगिरी, ज्यांना टोमणा मारल्याशिवाय सकाळची कॉफी पचत नसे, ते म्हणाले, "विशूअण्णा, घर निघालं ते सरी, ठीकच झालं, पण घरपट्टी कुठल्या गावाला भरणार?" विश्वेश्वरराव त्यांना उत्तर देण्यात गुंतले. गोदूबाई इकडं दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. वाटेला लागणाऱ्याच्या हातावर दही-साखर घालायची, म्हणजे काम फत्ते होतं. नवऱ्याच्या हातावर घातलं, स्वतः चाटलं, देवापुढं ठेवलं. मग त्यांच्या मनात आलं की, आपण दोघं तर नुसते बसणार. चालणार आहे ती ही बिचारी. हिला कोण देणार? हिला हात नाहीत, पण तोंड आहे. विश्वेश्वरराव जिथून तिला रोज पेट्रोल पाजत, तिथलं झाकण उघडून गोदूबाईंनी वाटीतलं उरलेलं सगळं दही, वर साखरेची मूठ, मायेनं आत सोडलं, आणि झाकणाला हळदकुंकू लावलं.

घरगाडी यशवंतपुरापर्यंत गेली. मालधक्क्यासमोर आल्यावर तिनं एक उचकी दिली, मग दुसरी, मग एक असा ढेकर दिला की धक्क्यावरचे हमाल पोती टाकून पळाले. आणि ती थांबली ती थांबलीच.

विश्वेश्वररावांनी धोतर खोचलं आणि गाडीखाली शिरले. नळ्या सोडवल्या, फुंकल्या, आणि शेवटी एका नळीतून पांढरी गुठळी बोटावर घेऊन बाहेर आले. वास घेतला. पुन्हा घेतला.

"पंपवाल्यानं फसवलं," ते म्हणाले. "पेट्रोलमध्ये दूध घालतो लेकाचा. आजवर दुधात पाणी ऐकलं होतं."

"दूध नव्हे, दही आहे," गोदूबाई म्हणाल्या. "आणि पंपवाला नव्हे, मी."

विश्वेश्वररावांनी ती गुठळी बोटावर चोळून बघितली. मग म्हणाले, "साखरसुद्धा?"

"नुसतं दही कोण देतं?"

मिस्त्री आला, त्यानं टाकी हुंगली, हात जोडले आणि सांगितलं की टाकी उतरवून, धुवून, उन्हात वाळवून, नळ्या नव्या घालून गाडी चालू होईल, पण नळ्या मद्रासेहून यायच्या. कधी येतील हे देवाला ठाऊक. मागं घरी फिरावं म्हटलं तर तेही होईना, कारण दही चाटून निघालेल्यानं काम झाल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. त्यात तिथं शेषगिरी होतेच.

मग घर राहिलं यशवंतपुरात. गोदूबाईंनी पायरीवर रांगोळी घातली, चूल पेटवली. धुराड्यातून धूर निघाला की डबे जोडत-सोडवत फिरणारी इंजिनं घरगाडीला आपल्यातलीच समजून शिट्टी घालीत. बसवनगुडीहून मंडळी डबे घेऊन येऊ लागली. शेषगिरी रोज येत, कारण असली गंमत त्यांना फुकट कुठं मिळणार? पायरीवर बसून ते नव्या लोकांना हात करून दाखवीत, हे घर, हा धूर, आणि ह्या वहिनी, ह्यांनी गाडीला विरजण लावलं. गोदूबाईसुद्धा हसत. पण पहाटे आंघोळीच्या वेळी आभाळात बघत, तर चंद्र रोज थोडा बारीक झालेला असे.

समोरूनच खानापूरची गाडी सुटे. तिचा भोंगा झाला की गोदूबाईंच्या हातातला झारा थांबे.

रेल्वेनं का जाऊ नये, याला कारण होतं वाटेतलं अरसीकेरे स्टेशन. त्या दिवाळसणाच्या खेपेला परत येताना विश्वेश्वरराव तिथं कॉफी प्यायला उतरले होते. कॉफी गरम होती, त्यांनी ती फुंकून फुंकून प्यायली, आणि वर बघतात तो गाडी बायकोला घेऊन पळालेली. दोघांची तिकिटं यांच्या खिशात. गोदूबाई पुढल्या स्टेशनावर उतरून बाकावर बसून राहिल्या, आणि विश्वेश्वरराव मालगाडीच्या गार्डाचे पाय धरून तिथं पोचले, तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी पोचल्यावर त्यांनी शपथ घेतली की, बायको पळवणाऱ्या या गाडीत पुन्हा म्हणून बसणार नाही. लोक शपथेला हसत. गोदूबाईंना ते डोळे आठवत, म्हणून त्या हसत नसत.

पण एका सकाळी चंद्र अर्धाच उरलेला दिसला, तेव्हा त्यांनी ट्रंक भरली.

"आजच्या गाडीनं मी जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या घरात बसा."

"एकटी?"

"एकटीच. पळवू दे मला गाडीनं. या खेपेला लेकीकडं पळवतेय."

विश्वेश्वररावांचा चेहरा उतरला. एकट्या गेल्या तर विहीणबाई काय म्हणतील, राहणार कुठं, खाणार काय, हे सगळं दोघांनाही कळत होतं. ट्रंक दारात, गोदूबाई ट्रंकेवर, आणि विश्वेश्वरराव तुळशीला उगाचच दुसऱ्यांदा पाणी घालत राहिले.

अशा वेळी गंगव्वा दूध घालायला आली. म्हशी बाळगणारी ही बाई मूळची खानापूरकडचीच. म्हणून तर गोदूबाईंचं तिच्याशी पहिल्या दिवसापासून गूळपीठ जमलं होतं. ट्रंक बघून तिनं विचारलं, आणि ऐकून घेऊन ती म्हणाली, "जातीस तर जा गं अक्का, पण माझी कावेरीबी ने की. लेकीच्या दारात म्हस बांधायची हाय मला. पोर अंगावर पितंय, तिला दूध नको? रेल्वेवाले म्हणत्यात, जनावरासंगं माणूस पायजे. माणूस कुठनं आणू?"

गोदूबाई ट्रंकेवरून उठल्या.

"जनावरासोबत माणूस जातं? मालगाडीनं?"

"जातं की. त्याच डब्यात."

गोदूबाईंनी एकदा मालधक्क्याकडं पाहिलं, तिथं लष्कराच्या गाड्या वाहून नेण्याचे उघडे, सपाट डबे उभे होते. एकदा घराकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी अशा नजरेनं तीनदाच पाहिलं होतं, आणि तिन्ही वेळा विश्वेश्वररावांना उठून कामाला लागावं लागलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीत बसणार नाही म्हणालात. घरात बसणार नाही असं कुठं म्हणालात?"

मालधक्क्यावरचे कारकून जयतीर्थ फार नेमस्त गृहस्थ. शिंक आली तरी नियमात बसते का ते आधी बघणारे. त्यांनी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून विचार केला. मोडकी मोटार मालगाडीनं जाऊ शकते, म्हणाले. म्हैसही जाऊ शकते. म्हशीसोबत सांभाळणारं माणूसही जाऊ शकतं. पण दोन माणसं कशाला?

"धार काढायला मी," गोदूबाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"म्हस लाथ मारते. लाथ खायला हे."

जयतीर्थांना यात नियमाबाहेरचं काही सापडेना. फक्त घर मापाच्या कमानीखालून जायला हवं, म्हणून धुराडं आणि कौलं उतरवावी लागतील, एवढं ते म्हणाले. तेव्हा विश्वेश्वररावांच्या अंगात चाळिशीतला सर्व्हेअर संचारला. त्यांनी फूटपट्टी काढली, घर मोजलं, डबा मोजला, कावेरीला मोजलं, तिनं लाथ मारली, मग लांबून मोजलं. हमालांनी आणि बसवनगुडीच्या मंडळींनी मिळून घरगाडी फळ्यांवरून डब्यात चढवली. ढकलणाऱ्यांत सर्वांत पुढं कोण होतं? शेषगिरी. त्यांचा टोमणा त्या दिवशी घशातच राहिला. एवढंच म्हणाले, "वहिनी, अहल्येला माझा आशीर्वाद सांगा."

इंजिन लागलं. ड्रायव्हर देवाप्पा खाली उतरून चाकांना तेल घालत होता. विश्वेश्वररावांनी दाराला साखळी लावली, तुळस नीट ठेवली, आणि सहज बघितलं तर गोदूबाई नाहीत. मान काढून पाहतात तो त्या रुळांच्या कडेनं, हातात दह्याची वाटी घेऊन, सरळ इंजिनाच्या दिशेनं निघालेल्या.

माणूस त्या वयात तसा धावला नसेल. कावेरीसुद्धा बिचकली.

"गोदू, हातावर," ते धापा टाकत म्हणाले. "तोंडात नको. हातावर."

"मला कळतं," गोदूबाई म्हणाल्या, आणि देवाप्पाच्या काळ्या तळहातावर त्यांनी दही-साखर ठेवली. त्यानं ती चाटली, हात चड्डीला पुसला आणि इंजिनात चढून भोंगा दिला.

यशवंतपूर मागं पडलं. घराच्या खिडकीतून बेंगळूर हळूहळू सरकत गेलं. कुणी बघितलं असेल त्याला वाटलं असेल की आपलं डोकं फिरलं, कारण मालगाडीवर एक घर चाललंय, घरात चूल पेटलीय, आणि दारात म्हैस रवंथ करतेय. अरसीकेरे जवळ आलं तेव्हा गोदूबाईंनी नवऱ्याच्या उपरण्याचं टोक आपल्या पदराला बांधलं. लग्नात बांधतात तशीच गाठ, फक्त जरा घट्ट. स्टेशनात कॉफीचा वास दरवळत आत आला. विश्वेश्वरराव गाठीकडं बघून म्हणाले, "ही आपल्या चुलीवर नाही का होणार?"

झाली. वर कावेरीचं ताजं दूध.

खानापूरला गंगव्वाची लेक कावेरीला ओवाळून घेऊन गेली. घराला बैल जोडले, आणि स्टेशनापासून वाजतगाजत ते अहल्येच्या दारात नेऊन लावलं. अहल्या जड पावलांनी ओसरीवर आली, आईचं घर बघितलं आणि आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. पायरी चढून ती आत आली ती संध्याकाळपर्यंत बाहेर गेलीच नाही. विहीणबाई आल्या, त्यांनी चूल पाहिली, देव पाहिले, आणि ओटीची तयारी करायला परतल्या.

निघायच्या दिवशीही नळ्या आल्या नव्हत्या, आणि टाकी अंगणात उन्हात पालथी पडली होती. अमावास्येला फार वेळ नव्हता. तेव्हा कुणाला न विचारता विश्वेश्वरराव स्टेशनावर जाऊन आले आणि त्यांनी तिघांची तिकिटं गोदूबाईंच्या हातात ठेवली.

"आणि शपथ?" गोदूबाईंनी विचारलं.

"घर मागून येईल," ते म्हणाले. "नातवंड मागं राहता कामा नये. तिकिटं तूच ठेव."

विहीणबाई दारात आल्या, हातात दह्याची वाटी; रीत मोडू नये म्हणून दही गोदूबाईंच्याच घरातलं. त्यांनी अहल्येच्या हातावर घातलं, गोदूबाईंच्या हातावर घातलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांची नजर अंगणात उभ्या असलेल्या घरगाडीकडं वळली.

विश्वेश्वरराव मधे आडवे आले. दोन्ही हातांची ओंजळ पुढं करून म्हणाले, "विहीणबाई, तिचंही माझ्याच हातावर द्या."