मैलूरचं दूध

“बघ. तूच बघ आता,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी चहाचं पातेलं लिंगम्मासमोर ठेवलं. वर पाणी तरंगत होतं, खाली दुधाच्या गुठळ्या बसल्या होत्या.

लिंगम्मा रोज सकाळी बिदरजवळच्या मैलूर गावाहून येऊन दूध घालायची आणि दुपारी बाजारातून परतताना रिकामी चरवी घेऊन जायची. तिने पातेल्यात वाकून पाहिलं.

“सकाळी चांगलं हुतं की, अण्णा. तुमीच तापवून घेतलाव.”

“तेच म्हनायलोय मी. सकाळी चांगलं अन् गिऱ्हाईक आलं की नासतंय. कामून?”

“मला काय म्हाईत? भांडं खराब असंल.”

“भांडं मी राखेनं घासतो, अक्का. माझ्या हातानं.”

बाकावर अंकुशराव बसले होते. मागच्या नव्या इमारतीत एका रसायन कंपनीचं ऑफिस होतं, तिथले हे कारकून. आत इतकं गार असायचं की भर मे महिन्यात ते स्वेटर घालून चहाला यायचे. ते हसत म्हणाले, “अण्णा, आज ताक पाजायलाव व्हय? पैशे चहाचेच घेनार न्हवं?”

बाकावरचे दुसरे दोघं हसले. आप्पा हसले नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी उदगीरला शाळेत शिकवायचे; सुट्टी लागली की वडिलांकडे बिदरला यायचे आणि दुपारी त्यांच्या हॉटेलात कपबशा विसळायला बसायचे. आप्पा गिऱ्हाइकाला उलटून बोलत नसत. ते लिंगम्माकडे वळले.

“तुझ्या भावकीनं शिकवलं असंल,” ते हळू म्हणाले. “बौद्धाचं हाटेल चालायलंय, ते बघवत न्हाई लोकांला. आधी चहा नासवा, मग म्हना, यांच्या हातचं असंच असतंय.”

लिंगम्माने चरवी उचलली, उरलेले थेंब गटारात झटकले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही.

आप्पांनी हॉटेल टाकलं तेव्हा गावातल्या गवळ्यांनी दूध न घालण्याची वेगवेगळी कारणं सांगितली होती. कुणाची म्हैस आटली होती, कुणाला ती वाट लांब पडत होती. मैलूरच्या या विधवेने मात्र काही न विचारता दूध घालायला सुरुवात केली. माझं कॉलेज त्या दुधावर झालं. पण आप्पा कोणाच्याही चांगुलपणाकडे थोडं तिरकं पाहत. ज्या माणसाच्या कपाकडे लोक आयुष्यभर संशयाने पाहतात, तो दुसरं काय शिकणार, असं मला वाटायचं. तसं मी त्यांना कधी बोलले नाही.

आता डेअरीचं दूध आलं. आठवडाभराने तेही नासलं.

मग आप्पांना डेअरीच्या गाडीवाल्याचा संशय आला. मग साखरेचा. एका दुपारी त्यांनी माझाही हात हुंगून पाहिला, साबणाचा वास लागतो का म्हणून. मी हात पुढे धरून ठेवला.

“ऊन वाढलंय, आप्पा,” मी एकदा म्हणाले.

“बिदरला कवा ऊन लागलंय? गुलबर्ग्याचे लोक हितं हवा खायला यायचे.”

ते खरं होतं. पण ते बिदर मागे पडलं होतं. नौबादच्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या होत्या. रस्ता डांबरी करताना दोन्ही बाजूंच्या चिंचा गेल्या. आमच्या हॉटेलामागे मोकळं मैदान होतं, तिथून वारा यायचा. तिथे आता कंपनीची चार मजली भिंत होती. भिंतीत ओळीने थंड हवेच्या मशिनी बसवल्या होत्या. त्यांची तोंडं साहेबांकडे आणि पाठी आमच्याकडे. मधे बैलगाडीसुद्धा जाणार नाही एवढी बोळी. आणि आमच्या मागच्या भिंतीत, बोळीच्या बाजूला, आप्पांचा जाळीचा कोनाडा होता. पहिल्यापासून तापवलेलं दूध ते तिथेच ओल्या फडक्यात ठेवत आले होते, कारण हॉटेलातली ती सगळ्यांत गार जागा होती. निदान आप्पांच्या मनात अजून होती.

एका सोमवारी कंपनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. घामाने भिजलेले कारकून सरबत प्यायला दुसरीकडे गेले. आमचा चहा कोणी मागितला नाही. संध्याकाळी उरलेलं दूध ओतून द्यायला आप्पांनी उचललं, वास घेतला, मग चमच्याने चाखलं. दूध चांगलं होतं. दुसऱ्या दिवशीही मशिनी बंद होत्या आणि दूध टिकलं. तिसऱ्या दिवशी वीज आली. मशिनी घरघरायला लागल्या तसे आप्पा बोळीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले. ते कोनाड्याला पाठ लावून उभे होते आणि वरून येणाऱ्या झोताने त्यांचं धोतर फडफडत होतं. मी जवळ गेले तर तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं.

“चल,” ते म्हणाले. “मैलूरला.”

“ऊन उतरू द्या.”

“न्हाई. आत्ताच.”

लिंगम्मा दारात शेंगा फोडत बसली होती. तिने आम्हाला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. गोठ्यात एकच म्हैस होती.

“अक्का,” आप्पा म्हणाले, “दूध तुजं चांगलं हुतं. त्या मशिनी हाईत न्हवं, त्यांच्या वाऱ्यानं नासायलंय.”

“वाऱ्यानं?”

“व्हय. गरम हवा टाकायलेत आमच्यावर.”

“थंडीच्या मशिनी गरम हवा टाकायल्यात,” ती म्हणाली. “बरं हाय. आता मशिनीवर घ्यालाव. उद्या आनिक कुनावर घ्यालाव.”

“खरं सांगायलोय.”

“अण्णा, दूध नासलं म्हनला असताव तर मी सोसलं असतं. पान्याचं म्हना, भांड्याचं म्हना. तुमी भावकी काढलाव.” तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “तुमाला दूध घालते म्हनून माझ्या सख्ख्या पुतनीच्या लग्नात मला पंगतीला बसू दिलं न्हाई. मी घरी येऊन ताकभाकर खाल्ले. अन् सकाळी तुमच्याकडं दूध घेऊन आले. कवा बोलले का तुमाला?”

आप्पांनी मान हलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

“उद्यापसून…” ते शेवटी म्हणाले.

“न्हाई, अण्णा. आता मी डेअरीला घालते. तिथं मापात धरतेत, मनात धरत न्हाईत.”

परतताना ते माझ्या पुढे चालत होते. मी रिक्षा करू का विचारलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

त्या दिवसानंतर आप्पांनी दुधाचा चहा केला नाही. लिंबू पिळलेला कोरा चहा द्यायचे. गिऱ्हाईक तुटत गेलं. अंकुशरावांनी पहिल्यांदा विचारलं, “दूध कामून बंद केलाव?” तेव्हा मला वाटलं, आता मशिनींचं नाव निघेल, कंपनीचं निघेल.

“माज्याकडं टिकत न्हाई,” आप्पा म्हणाले आणि कप पुसत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ते हॉटेलातच गेले. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. कंपनीतून हार आला आणि एक साहेब गाडीच्या काचा बंद ठेवून थोडा वेळ थांबला. हृदयच असेल. मला मात्र अजून पटत नाही.

हॉटेल आवरायला मी गेले त्या दुपारी लिंगम्मा आली. घरी भेटायला आली नव्हती. थेट हॉटेलातून मागच्या बोळीत गेली. मी मागोमाग गेले. मशिनी चालू होत्या. ती झोताखाली उभी राहिली, वर पाहिलं, मग आमच्या तापलेल्या भिंतीला हात लावला.

“आत चूल पेटलीय का, पोरी?” तिने विचारलं.

“नाही, अक्का. ते गेल्यापासून पेटवलीच नाही.”

“शेजारी कुनाची?”

“शेजारी कोणी राहत नाही आता.”

तिच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला होता. आत चला, मी म्हणाले. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिथेच उभी राहिली.